गोड बातमीच्या आधीचं वर्ष

मी मेलबर्नमध्ये करसल्लागार आहे. जुलै उजाडला की टारनीट, पॉइंट कुक, वेरिबीकडची आपली मंडळी पगाराचे कागद घेऊन येऊ लागतात आणि कागदांच्या मागोमाग संसारही टेबलावर येतो. हे जोडपं आलं ते ऑगस्ट २०२३ मध्ये. तो सांगलीचा, ती नाशिकची. तो सप्टेंबर २०२२ मध्ये ४८२ व्हिसावर आला, म्हणजे कंपनीने प्रायोजित केलेल्या तात्पुरत्या व्हिसावर. ती त्याच्या व्हिसावर आली आणि दोन महिन्यांत तिला पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली. ओळख पटू नये म्हणून गावं आणि काही बारीक गोष्टी बदलल्या आहेत. तारखा आणि हिशोब तसेच ठेवलेत, कारण ही सगळी गोष्ट तारखांचीच आहे.

कागद चाळताना मला दोन गोष्टी दिसल्या. पहिली म्हणजे दोघांच्या पगारातून मेडिकेअर लेव्ही कापली जात होती, करपात्र उत्पन्नाच्या २ टक्के. ऑस्ट्रेलियात राहणारा जवळजवळ प्रत्येक पगारदार ती भरतो आणि त्याबदल्यात त्याला मेडिकेअरची सरकारी आरोग्यसेवा मिळते. पण भारतातून तात्पुरत्या व्हिसावर आलेल्याला मेडिकेअर मिळतच नाही. ऑस्ट्रेलियाचा आरोग्यसेवेचा परस्पर करार ११ देशांशी आहे. ब्रिटन, न्यूझीलंड, आयर्लंड, इटली, स्वीडन वगैरे नावं त्या यादीत आहेत, भारत नाही. आणि जी सेवा मिळत नाही तिची लेव्ही भरायचीही गरज नाही. सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया या सरकारी खात्याकडून ‘तुम्ही मेडिकेअरला पात्र नाही’ असं पत्र घ्यायचं आणि रिटर्नमध्ये माफी मागायची. या पत्राला मेडिकेअर एन्टायटलमेंट स्टेटमेंट म्हणतात. नावावरून अर्थ अगदी उलटा वाटतो, पण सरकारी कागद आहे, चालायचंच. त्याचं त्या वर्षीचं उत्पन्न ९०,००० डॉलर होतं आणि तिचं ४५,०००. म्हणजे लेव्हीचे मिळून २,७०० डॉलर परत यायचे होते.

दुसरी गोष्ट विम्याच्या कागदात होती. ४८२ व्हिसाला ८५०१ क्रमांकाची अट असते, की मुक्काम असेतोवर पुरेसा आरोग्यविमा हवा. विमान पकडायच्या घाईत सगळे जे करतात तेच यांनी केलं होतं. नेटवर सगळ्यात स्वस्त ‘ओव्हरसीज व्हिजिटर’ पॉलिसी शोधली, पत्र डाउनलोड केलं आणि व्हिसाच्या अर्जाला जोडलं. दोघांचा मिळून हप्ता महिन्याला दोनशे डॉलरच्या आत. पॉलिसीच्या तक्त्यात काय मिळतं त्यापुढे बरोबरची खूण होती, काय मिळत नाही त्यापुढे फुली. ‘प्रेग्नन्सी अँड बर्थ’ या ओळीपुढे फुली होती.

मी विमा विकत नाही. पण ती फुली दाखवल्यावाचून मला राहवलं नाही. म्हटलं, “हे मुद्दाम घेतलंय की बघायचं राहिलं?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तीच म्हणाली, “ताई, आत्ता काही नाहीये. पण चान्स घ्यायचाय. दिवाळीनंतर.”

आपल्याकडे तीन महिने झाल्याशिवाय गोड बातमी कोणाला सांगत नाहीत, दृष्ट लागते म्हणून. ऑस्ट्रेलियातल्या विमा फंडाला, म्हणजे विमा कंपनीला, मात्र ही बातमी बाळ होण्याच्या पुरतं वर्षभर आधी सांगावी लागते, कारण प्रसूतीसाठीचा वेटिंग पिरियड, म्हणजे लाभ सुरू होण्याआधी थांबायची मुदत, १२ महिन्यांचा असतो. मूल पोटात येण्याच्याही आधी ते फॉर्मवर यावं लागतं. या संकोचापायी अडकलेली दोन जोडपी मी त्याआधी पाहिली होती. दोन्ही वेळा माझ्याकडे प्रश्न आला तेव्हा पाचवा महिना सुरू होता. पाचव्या महिन्यात घेतलेली पॉलिसी त्या बाळंतपणाला उपयोगाची नसते, मग ती कितीही महाग घ्या.

तो म्हणाला, “पण आमचा फंड तर वर्षभर जुना आहे. आता नुसतं वरच्या पॉलिसीत गेलं की झालं ना?”

इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. फंडात शिरल्याची तारीख आणि तो लाभ पॉलिसीत आल्याची तारीख या वेगळ्या असतात. जुन्या पॉलिसीत गरोदरपण नव्हतंच, त्यामुळे नव्या पॉलिसीत गेल्याच्या दिवसापासून १२ महिने नव्याने मोजायचे. आधीचं वर्ष बाकीच्या गोष्टींसाठी धरलं जातं, यासाठी नाही. तिला थायरॉइडची गोळी चालू होती. तो आधीपासूनचा आजार, त्याच्या वाढीव लाभांनाही तेवढीच मुदत. ती मुदत त्याच तारखेला संपणार होती, म्हणून त्याची वेगळी चिंता नव्हती.

एक चांगली बाजूही होती आणि ती त्यांना ठाऊक नव्हती. १२ महिने मोजले जातात ते प्रसूतीच्या दिवसापर्यंत, दिवस राहण्यापर्यंत नाही. म्हणजे वर्षभर हात बांधून बसायचं नसतं. गरोदरपणाचे ४० आठवडे शेवटच्या पाळीपासून धरतात, तेव्हा पॉलिसी घेतल्यावर साधारण तीन महिने थांबलं तर पूर्ण दिवसांचं बाळ मुदतीपलीकडे जन्मतं. अडचण एवढीच, की बाळं पूर्ण दिवस भरायची वाट पाहतातच असं नाही.

माझ्या टेबलावर महालक्ष्मीचं कॅलेंडर असतं, भारतातून मागवलेलं. ते काढलं. नवी पॉलिसी १ सप्टेंबर २०२३ पासून धरली, की मुदत १ सप्टेंबर २०२४ ला संपते. बाळ बरोब्बर ४० आठवड्यांनी आलं तर शेवटची पाळी २६ नोव्हेंबर २०२३ ची चालली असती. ३७ आठवड्यांचं बाळही पूर्ण दिवसांचंच मानतात, त्यासाठी १७ डिसेंबर. ३४ आठवड्यांना आलं तरी विम्यात बसायला हवं असेल तर ७ जानेवारी. मी म्हटलं, “दिवाळीनंतर नको. संक्रांत होऊ दे.” यावर्षी तिळगूळ उशिरा खा, असंच सांगितल्यासारखं झालं. ती हसली. तो कॅलेंडरचा फोटो काढत होता.

घरी गेल्यावर मात्र गोष्ट इतकी सरळ राहिली नाही. पुढच्या पंधरा दिवसांत प्रत्येकाने आपापलं मत दिलं.

त्याच्या ऑफिसातल्या एका ऑस्ट्रेलियन सहकाऱ्याने सांगितलं, “गोल्ड हॉस्पिटल कव्हर घे, आम्ही तेच घेतलं होतं.” सल्ला चांगल्या मनाने दिलेला आणि यांच्यासाठी साफ चुकीचा. एप्रिल २०१९ पासून इथल्या हॉस्पिटल पॉलिसींना गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ आणि बेसिक अशा पायऱ्या आहेत. प्रसूती देणं फंडांना फक्त गोल्डमध्ये सक्तीचं आहे, हे त्या गृहस्थांचं खरंच होतं. पण या पॉलिसी मेडिकेअरच्या पायावर उभ्या असतात. खासगी हॉस्पिटलमध्ये डॉक्टरच्या ठरलेल्या फीपैकी ७५ टक्के मेडिकेअर देतं आणि २५ टक्के फंड. मेडिकेअरच नसेल तर ते ७५ टक्के खिशातून. शिवाय या पॉलिसीने व्हिसाची अट भागत नाही. तात्पुरत्या व्हिसावाल्याने आपल्या गटाची, म्हणजे ओव्हरसीज व्हिजिटर गटातलीच वरची पॉलिसी घ्यायची असते. तिच्यात मेडिकेअरचा आणि फंडाचा असे दोन्ही वाटे फंडच उचलतो, म्हणून ती महाग असते.

नाशिकहून आईचं म्हणणं वेगळं. “पहिलं बाळंतपण माहेरीच. सातव्या महिन्यात ये, मी आहे ना.” ही सूचना मी हसण्यावारी नेली नाही आणि कोणी नेऊ नये. निव्वळ पैशांत पाहिलं तर नाशिकच्या चांगल्या नर्सिंग होममधलं रोख बाळंतपण हे मेलबर्नच्या एका वर्षाच्या वाढीव हप्त्यापेक्षा स्वस्त पडतं. विम्याविना. कारण भारतातल्या वैयक्तिक पॉलिसीत प्रसूतीसाठी बहुधा दोन ते चार वर्षांची वाट बघावी लागते आणि तिथेही रकमेला मर्यादा असते. त्या वाटेने विमा मिळणार नव्हता, पण त्याची फारशी गरजही नव्हती.

आईच्या योजनेत दुखणारी जागा निराळी होती. ४८२ वर असलेल्या आईबापांचं मूल ऑस्ट्रेलियात जन्मलं तर कायद्यानेच त्याला आईबापांचा व्हिसा लागू होतो, वेगळा अर्ज लागत नाही. तेच मूल नाशिकला जन्मलं तर जन्मदाखला, पासपोर्ट, मग त्याच्या नावाचा व्हिसा अर्ज आणि तो येईपर्यंत आई-बाळ तिकडे, बाप इकडे. सातव्या महिन्यात जायचं म्हणजे विमान कंपन्यांचं डॉक्टरी पत्र आणि तिचा नोकरीतला खंडही आलाच. फेअर वर्क कायद्याप्रमाणे एकाच मालकाकडे १२ महिने झाले की १२ महिन्यांची बिनपगारी पालक-रजा मिळते, व्हिसा तात्पुरता असला तरी. सरकारकडून मिळणारी पगारी पालक-रजा मात्र नागरिकांना आणि कायम रहिवाशांना, यांना नाही. तिने हे सगळं आईला फोनवर समजावलं. आई म्हणाली, “बरं, मग मीच येते.” हा निर्णय सगळ्यात लवकर झाला.

राहिला पैशांचा प्रश्न. नव्या पॉलिसीचा हप्ता महिन्याला पाचशेच्या वर जात होता, म्हणजे वर्षाला जवळजवळ ४,००० डॉलर जास्त. तो कच खात होता. “ताई, पहिल्या फटक्यात दिवस गेले नाहीत तर? दोन वर्षं लागली तर आठ हजार.” शंका रास्त होती आणि माझ्याकडे गोड उत्तर नव्हतं. एवढंच दाखवलं, की लेव्हीचे २,७०० परत येताहेत आणि पुढच्या वर्षी पगार पूर्ण १२ महिन्यांचे असल्याने माफीची रक्कम वाढेल. हप्त्याची मोठी फट तिथूनच बुजत होती. ज्या सरकारी सेवेवर त्यांचा हक्क नव्हता तिचेच पैसे खासगी विम्याला लागणार होते. त्याला हे फार आवडलं. मला वाटतं निर्णय त्यावरच झाला, आईच्या फोनवर नाही.

१ सप्टेंबर २०२३ ला पॉलिसी बदलली. मी फक्त एक आग्रह धरला, की फोनवर जे बोलतील ते ई-मेलने मागायचं. चार प्रश्न लिहून दिले. गरोदरपणाची मुदत कोणत्या तारखेला संपते? बाहेरच्या तपासण्यांना, म्हणजे सोनोग्राफी, रक्त, डॉक्टरची भेट, तीच मुदत आहे का? बाळ मुदतीआधी आलं तर काय? आणि बाळ पॉलिसीत कधीपासून धरलं जाईल? फंडाने आठवड्याने उत्तर पाठवलं. चौथ्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींचं होतं. त्या दोन ओळी पुढे सगळ्यात महागाच्या ठरल्या असत्या.

संक्रांत झाली. फेब्रुवारी कोरडा गेला. एप्रिल २०२४ मध्ये फोन आला, आवाज एकदम बारीक. “ताई, अजून कोणाला सांगितलं नाहीये.” शेवटची पाळी ३ मार्चची, म्हणजे तारीख ८ डिसेंबरची. मी अभिनंदन केलं आणि लगेच विचारलं की मुदत कधी संपते ते आठवतंय ना. एवढ्या आनंदाच्या क्षणी हे विचारणं जरा रुक्षच होतं.

दिवस राहिल्यापासून सप्टेंबरपर्यंतचे सहा महिने खिशातून गेले, कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आलं होतं. त्यांच्या पॉलिसीत गरोदरपणासंबंधीच्या बाहेरच्या तपासण्यांनाही १२ महिन्यांची मुदत होती. डॉक्टरच्या भेटी, बाराव्या आठवड्याची आणि विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी, सगळं रोख. दहाव्या आठवड्यानंतर आईच्या रक्तातून बाळाची गुणसूत्रं तपासतात ती चाचणी तर मेडिकेअरवाल्यांनाही चार-पाचशे डॉलर भरूनच करावी लागते. त्या फॉर्मवर एक रकाना असतो, ‘बाळाचं लिंग कळवावं का?’ ती लॅबमध्ये काम करणारी असूनही क्षणभर थबकली. लिंगनिदानबंदीच्या १९९४ च्या कायद्याच्या पाट्या नाशिकच्या प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर पाहत ती वाढलेली. तिने ‘नको’वर खूण केली. सासूबाईंना कळलं तर त्या विचारतील, मग मला सांगावं लागेल, म्हणाली.

खासगी प्रसूतितज्ज्ञ बाई ठरल्या आठव्या आठवड्यात. त्याहून उशीर केला तर चांगल्या डॉक्टरांकडे त्या महिन्याच्या जागा भरतात. त्यांच्या ऑफिसने खर्चाचा लेखी अंदाज दिला. तो मागण्याचा हक्क इथे प्रत्येक रुग्णाला आहे, पण मागावा लागतो. पूर्ण गरोदरपणाची देखरेख फी ७,००० डॉलरच्या घरात होती. फंड त्यातला सरकारी दरपत्रकाइतका छोटा भाग देणार, बाकी यांचे. विमा म्हणजे सगळं फुकट, या समजुतीला इथे पहिला धक्का बसतो. हॉस्पिटलच्या खोलीचा, लेबर वॉर्डचा आणि ऑपरेशन थिएटरचा खर्च विमा उचलतो, सुरुवातीचे ५०० डॉलर आपण भरले की. डॉक्टर, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ हे तिघे आपापली बिलं वेगळी पाठवतात आणि दरपत्रकापेक्षा जास्त लावलेली रक्कम आपल्यावर येते. इथे तिला ‘गॅप’ म्हणतात.

फीच्या बाबतीत तारखेचा आणखी एक खेळ झाला. ऑफिसने फी चोविसाव्या आठवड्यात मागितली होती, म्हणजे १८ ऑगस्टच्या सुमारास. फंडाची मुदत संपत होती १ सप्टेंबरला. फंड सेवेची तारीख बघतो, पैसे भरल्याची नाही. बिल ऑगस्टचं असतं तर फंडाने एक पैसाही दिला नसता. मग दरपत्रक काढून पाहिलं. देखरेखीचा जो १६५९० क्रमांकाचा आयटम आहे तो मुळातच गरोदरपणाचे २८ आठवडे उलटल्यावर लावायचा असतो आणि तिचा अठ्ठाविसावा आठवडा १५ सप्टेंबरला पूर्ण होत होता. तिने ऑफिसला तेवढं दाखवलं. बिल सप्टेंबरअखेर आलं. कोणाची फसवणूक नाही, खोटी तारीख नाही, नियमात होतं तेच मागितलं.

आता त्या चौथ्या प्रश्नाकडे येते.

त्यांची पॉलिसी ‘कपल’ होती, दोघांची. बाळ झाल्यावर तिसरा माणूस येतो आणि त्याला आपोआप जागा मिळत नाही. फंडाचं उत्तर होतं, की बाळाला जन्मापासून संरक्षण हवं असेल तर पॉलिसी जन्माच्या किमान दोन महिने आधी ‘फॅमिली’ झालेली असावी. प्रत्येक फंडाचा हा नियम निराळा असतो. काही फंड जन्मानंतर ठरावीक दिवसांत कळवलं तरी चालवून घेतात. यांच्या फंडाचं तसं नव्हतं.

याला वाटलं, ८ डिसेंबरची तारीख आहे, मग ८ ऑक्टोबरला बदलू, उगाच जास्तीचे हप्ते कशाला. फॅमिलीचा हप्ता आणखी चढा असतो ना. मी त्याला नियम पुन्हा वाचायला लावला. त्यात ‘ड्यू डेट’ नव्हतं, ‘बर्थ’ होतं.

बाळाला वेगळा विमा का लागतो हे इथल्या नियमांत स्पष्ट आहे. बाळ निरोगी असेल आणि आईजवळच असेल तर पहिले नऊ दिवस हॉस्पिटल त्याला वेगळा रुग्ण धरत नाही, ते आईच्या बिलात असतं. पण बाळाला स्पेशल केअर नर्सरीत हलवलं की त्या क्षणी ते स्वतंत्र रुग्ण होतं, त्याच्या नावाने दिवसाचं बिल सुरू होतं. जुळं असेल तर दुसरं बाळ कितीही ठणठणीत असो, पहिल्या श्वासापासून वेगळा रुग्ण. आणि बाळ फारच लवकर आलं तर खासगी हॉस्पिटल त्याला ठेवूनच घेत नाही. व्हिक्टोरिया राज्यात नवजातांचे अतिदक्षता विभाग चार आहेत, रॉयल विमेन्स, मर्सी, मोनॅश आणि रॉयल चिल्ड्रन्स. चारही सरकारी व्यवस्थेत. मेडिकेअर नसलेल्यांकडून सरकारी हॉस्पिटलही पूर्ण दराने पैसे घेतं आणि अतिदक्षतेचा एक-एक दिवस हजारांत मोजतात. अशा बाळाचा विमा नसेल तर घराचं डिपॉझिट संपतं. मी आईच्या पॉलिसीपेक्षा बाळाच्या तारखेबद्दल जास्त कटकट का केली, त्याचं कारण हे.

त्याने शेवटी २१ जुलैला, विसाव्या आठवड्यातच, पॉलिसी फॅमिली करून घेतली. थोडा चिडूनच. अडीच महिन्यांचे जास्तीचे हप्ते त्याने एक्सेलमध्ये वेगळ्या रंगात लिहून ठेवले होते.

याच सुमारास दुसरा एक धागा गुंतत होता. २५ नोव्हेंबर २०२३ पासून कायम निवासासाठी मालकाकडे तीनऐवजी दोनच वर्षं पुरेशी झाली. त्याची दोन वर्षं सप्टेंबर २०२४ मध्ये भरली, कंपनीने कागद दिले आणि १४ ऑक्टोबरला कायम निवासाच्या १८६ व्हिसाचा अर्ज दाखल झाला. देशात राहून, काम करण्याची परवानगी असलेल्या व्हिसावर असा अर्ज केला की निकालाआधीच मेडिकेअरमध्ये नाव नोंदवता येतं. त्याने त्याच संध्याकाळी विचारलं, “मग आता हा पाचशेचा हप्ता बंद करू का? सरकारीत फुकट होईल.”

प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. एप्रिलपासूनच मेडिकेअर मिळणार हे माहीत असतं तर मी त्याला सरकारी हॉस्पिटलच सुचवलं असतं. इथली सरकारी प्रसूतिसेवा उत्तम आहे आणि मेडिकेअर असेल तर तिचं बिल येत नाही. खासगी विमा असूनही जवळ खासगी प्रसूती विभाग असेलच याचीही खात्री उरलेली नाही. पुढे २०२५ मध्ये हेल्थस्कोप या खासगी हॉस्पिटल कंपनीने होबार्ट आणि डार्विनचे आपले प्रसूती विभाग बंद केलेच. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये ती बत्तिसाव्या आठवड्यात होती. डॉक्टर ठरलेल्या, फी भरलेली, वर्षभराची मुदत नुकतीच पार पडलेली. मी सांगितलं, बाळ घरी येईपर्यंत काहीही हलवू नका. मेडिकेअरचा फॉर्म भरून ठेवा, नंतर द्या.

ती ३ नोव्हेंबरला बाळंत झाली. भाऊबीज होती. तारखेला पाच आठवडे बाकी असताना पहाटे पाणी गेलं. ॲम्ब्युलन्स बोलावली आणि तिचं बिल पॉलिसीत बसलं. व्हिक्टोरियात ॲम्ब्युलन्स फुकट नसते, हे अनेकांना पहिल्याच बिलाला कळतं. मुलगी झाली. वजन कमी, श्वास थोडा धापेचा. दोन तासांत स्पेशल केअर नर्सरीत हलवली. आजी अजून नाशिकलाच होती, तिचं तिकीट २० नोव्हेंबरचं. विमानात डिंकाच्या लाडवांचा डबा येणार होता आणि तो कस्टम्सच्या कार्डावर जाहीर कसा करायचा यावरच महिनाभर चर्चा चालू होती. त्याऐवजी ती सहाव्या दिवशी पोचली, लाडवांविना. नर्सरीच्या काचेबाहेर उभी राहून पहिलं वाक्य बोलली, “हिला कानटोपी नीट घाला.”

नऊ दिवसांनी तिघं घरी आली. महिन्याभराने बाळाच्या नावाने बिल आलं. नाव अजून ठेवलं नव्हतं, म्हणून बिलावर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव. आकडा पाच अंकी होता. फंडाने पहिल्या फेरीत तो क्लेम नाकारला, कारण त्यांच्या संगणकात बाळाची नोंद नोव्हेंबरच्या तारखेने झाली होती. त्याने २१ जुलैचा ई-मेल आणि आधीच्या वर्षीचं ते चार उत्तरांचं पत्र जोडून पाठवलं. तक्रार कॉमनवेल्थ ओम्बड्समनकडे, म्हणजे सरकारी लोकपालाकडे, नेता येते, व्हिजिटर पॉलिसीचीसुद्धा, हे त्याने ई-मेलच्या शेवटी नम्रपणे लिहिलं. तिथवर जावं लागलं नाही. अकराव्या दिवशी पूर्ण रक्कम मंजूर. ८ ऑक्टोबरला पॉलिसी बदलली असती तर जन्मापर्यंत २६ दिवस भरले असते, लागत होते दोन महिने. एक्सेलमधला तो रंग त्याने काढून टाकलाय की नाही, मी विचारलं नाही.

बाकीचं भराभर झालं. व्हिक्टोरियात जन्मनोंदणीला ६० दिवस असतात, ती पंचविसाव्या दिवशी केली. आईबाप कायम रहिवासी नसताना जन्मली म्हणून मुलगी ऑस्ट्रेलियन नागरिक नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंदणी, मग भारतीय पासपोर्ट. फोटोत डोळे उघडे हवेत म्हणून सतरा फोटो काढले. बारसं घरीच झालं, पाळणा फेसबुकवरून जुना घेतलेला. तिचं नाव वडिलांच्या १८६ च्या अर्जात जोडलं गेलं आणि मे २०२५ मध्ये तिघांनाही एकदम कायम निवास मिळाला. तो सहा-सात महिने आधी मिळाला असता तर ती जन्मतःच नागरिक झाली असती. यावर आजोबा फोनवर हळहळले, हे दोघं नाही.

जुलै २०२५ मध्ये रिटर्नसाठी आले तेव्हा मुलगी आठ महिन्यांची होती. यावेळी लेव्हीची माफी पूर्ण वर्षाची मिळणार नव्हती. १ जुलै ते १३ ऑक्टोबर २०२४ एवढेच दिवस मेडिकेअरला अपात्र, १४ ऑक्टोबरला अर्ज पडला तिथून पात्र, मग कार्ड कधी का काढलेलं असेना. तेच कॅलेंडर पुढे ओढून मी दिवस मोजत होते. एकतीस, एकतीस, तीस आणि तेरा. मुलीने ऑक्टोबरचं पान मुठीत धरलं आणि सोडेना, तेव्हा शेवटचे तेरा तोंडीच मिळवले. एकशे पाच.